एकाच पऱ्हाटीवरच्या दोन अळ्या : बीटीनं एक मेली, दुसरी का टिकली?

यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगावकडच्या एका तरुण शेतकऱ्याचा प्रश्न त्याच्याच शब्दांत देतो : "सर, पाच एकर पऱ्हाटी आहे. बी एकाच दुकानातलं, एकाच वाणाचं. हिरवी अळी औषधालेही सापडत नाही, अन् गुलाबीनं दिवाळीनंतरची बोंडं पार पोकळ करून टाकली. बीटी एकीले मारते, मंग दुसरीले काऊन नाही? अन् विहिरीले पाणी आहे, तर आता फरदड ठेवू का मोडू?" (पऱ्हाटी म्हणजे कापसाचं झाड. बीटी म्हणजे अळीला मारणारं विष झाडातच तयार व्हावं म्हणून जनुक बदललेला कापूस. फरदड म्हणजे हंगाम संपल्यावरही पाणी देऊन राखलेली पऱ्हाटी.)

भाऊ, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण जानेवारी चालू आहे आणि ते उत्तर थांबू शकत नाही. मोडा. विहीर काठोकाठ भरलेली असली तरी मोडा. का, ते पहिल्या प्रश्नाच्या उत्तरातच आहे आणि ते जरा लांब आहे, तेव्हा निवांत वाचा.

कापसावरच्या किडींचं काम करता करता मला सव्वीस वर्षं झाली, त्यातली बहुतेक वर्धा आणि यवतमाळ जिल्ह्यांतल्या बांधाबांधांवर. एवढ्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालंय. आपल्याकडे सगळ्यात जास्त नुकसान 'अळी' या शब्दानं केलंय. 'अळी आली' असं आपण म्हणतो, दुकानात जाऊन 'अळीचं औषध द्या' म्हणतो आणि दुकानदार ते देतो. पण शेतात 'अळी' नावाचं काही राहत नाही. तिथे राहते एक विशिष्ट जातीची कीड. तिचं खाणं ठरलेलं, अंडी घालायची जागा ठरलेली, झोपायचा काळ ठरलेला. त्या एका जातीचा संसार कळला नाही तर महागातलं महाग औषधही वाऱ्यावर जातं.

तुमच्या वावरातली हिरवी अळी आधी घेऊ. कापसावर तिला आपण हिरवी किंवा अमेरिकन बोंडअळी म्हणतो. तुमच्या पऱ्हाटीत दर आठ-दहा ओळींनंतर तुरीचं तास असणार. त्या तुरीवर डिसेंबरात जी शेंगा पोखरते, तीही हीच. शेजारच्या वावरात हरभरा असेल, त्यावरची घाटे अळी म्हणजेसुद्धा हीच. तीन पिकांवर तीन नावं, पण कीड एकच, हेलिकोव्हर्पा. टोमॅटो, सूर्यफूल, झेंडू, मका, काहीही चालतं तिला. ती शंभराहून अधिक वनस्पतींवर जगू शकते. तिचा पतंग दणकट असतो, लांब उडतो. एक पीक संपलं की दुसऱ्यावर जातो. खायची तिची रीतही उघडी. डोकं बोंडात खुपसलेलं, मागचं अर्धं अंग बाहेर, अशी कितीदा तरी तुम्ही पाहिली असेल. निदान तुमच्या वडिलांनी तरी नक्कीच. १९९० च्या दशकात याच अळीनं विदर्भातल्या शेतकऱ्याला रडवलं होतं. फवारण्यांवर फवारण्या व्हायच्या आणि ती मरायची नाही.

२००२ साली आपल्या देशात बीटी कापूस आला तो मुख्यतः हिच्यासाठी. आणि हिच्यावर तो आजही बऱ्यापैकी चालतो. कारण साधं आहे. समजा, या जातीत लाखात एखादी अळी अशी जन्मली की जिला बीटीचं विष बाधत नाही. ती जगली, पतंग झाली. पण तिला जोडीदार कुठला मिळणार? तुरीवरचा, हरभऱ्यावरचा, टोमॅटोवरचा. त्या सगळ्यांनी बीटी कधी चाखलेलंच नाही, त्यामुळे त्यांच्या रक्तात विष सोसण्याचा गुण नाही. जोडी जमते, पिल्लं होतात आणि तो गुण गर्दीत पातळ होऊन जातो. तुमचं तुरीचं तास आणि शेजाऱ्याचा हरभरा यांनी कोणाला न सांगता हे काम वर्षानुवर्षं केलंय.

आता गुलाबीकडे, म्हणजे गुलाबी बोंडअळीकडे या. तिच्यावर मी जास्त वेळ घालवणार आहे.

वावरात जा आणि एक हिरवं बोंड तोडा. फार कोवळं नको, फार निबरही नको, अंगठ्यानं दाबलं तर किंचित दबेल असं. बाहेरून ते स्वच्छ दिसेल. भोक नाही, विष्ठा नाही, काही नाही. विळ्यानं चिरा किंवा दोन्ही अंगठ्यांनी दाबून फोडा. सालीच्या आतल्या बाजूला मोहरीएवढे फोड किंवा नागमोडी रेघ दिसली तर समजा, बाई आत शिरल्यात. अंड्यातून निघालेली अळी केसाएवढी बारीक, पांढरट, काळपट डोक्याची असते. ती दिवसाभरातच साल पोखरून आत जाते आणि मागे ते भोक भरून येतं. म्हणून बाहेरून काही कळत नाही. आता कापसाच्या पाकळ्या वेगळ्या करा. दोन पाकळ्यांमधल्या पडद्याला एक गोल, नेमकं कोरल्यासारखं छिद्र दिसेल. एका खोलीतली सरकी खाऊन ती शेजारच्या खोलीत गेली, तो तिचा दरवाजा. सरकी फोडलीत तर आत बसलेली सापडेल. वाढ पुरी होत आली की तिच्या अंगावर गुलाबी पट्टे उमटतात आणि तेव्हा आपण ओळखतो. तोवर तिचं खाऊन झालेलं असतं.

हा तिचा सगळा संसार. अंडी पात्यांवर म्हणजे कोवळ्या कळ्यांवर, फुलांवर आणि बोंडाच्या देठाकडच्या हिरव्या टोपणाखाली घातलेली. अळी फुलात किंवा बोंडात. कोष झडलेल्या पाल्यापाचोळ्यात किंवा मातीच्या वरच्या थरात. पतंग लहानसा, राखाडी-तपकिरी, रात्रीच फिरणारा, दिवसा जमिनीच्या भेगांत आणि पाचोळ्यात दडून राहणारा. सगळी फेरी साधारण महिनाभराची, थंडीत जास्त. भेंडी किंवा जास्वंदीवर ती एखाद वेळी आढळते, पण आपल्या शिवारात तिचं खरं घर कापूस आणि फक्त कापूस. तूर तिच्या कामाची नाही. हरभराही नाही.

इथेच दोघींची वाट वेगळी होते. हिरवीला पळायला सगळं शिवार आहे, गुलाबीला एकच झाड आहे. आणि २००२ नंतर दहाएक वर्षांत आपण त्या एकाच झाडाचा जवळपास सगळा पेरा बीटी करून टाकला. म्हणजे या जातीच्या प्रत्येक पिढीच्या प्रत्येक अळीला रोज, जेवणाच्या प्रत्येक घासात तेच विष. जी सोसू शकत नव्हती ती मेली. जी सोसू शकत होती ती जगली आणि तिला जोडीदारही तसाच मिळाला, कारण दुसरा कोणी उरलाच नव्हता.

लोक म्हणतात, अळीला बीटीची सवय झाली. हे वाक्य चूक आहे आणि चूक का आहे ते समजून घेण्यासारखं आहे. एका अळीला आयुष्यात सवय होत नाही. ती एक तर मरते किंवा जगते. बीटीचं विष अळीच्या आतड्यात काम करतं. तिथलं वातावरण अल्कधर्मी असतं, त्यात ते विष मोकळं होतं, आतड्याच्या भिंतीवरच्या ठरावीक प्रथिनाला जाऊन चिकटतं आणि भिंतीला छिद्रं पाडतं. कुलूप-किल्लीसारखं समजा. काही थोड्या अळ्यांमध्ये ते कुलूपच मुळात वेगळ्या घडणीचं असतं. किल्ली बसत नाही, भिंत फाटत नाही. अशा अळ्या बीटी यायच्या आधीही होत्या, पण तेव्हा त्या वेगळेपणाचा त्यांना काहीच फायदा नव्हता. बीटीनं तो वेगळेपणा तयार केला नाही. त्यानं बाकीच्यांना बाजूला केलं. बदलली ती जात, पिढ्यापिढ्यांनी. आणि वर्षाला चार-पाच पिढ्या होणाऱ्या किडीला त्यासाठी फार वर्षं लागत नाहीत.

यात आणखी एक गोष्ट आपल्या देशापुरती आहे आणि ती शेतकऱ्यापर्यंत फारशी पोहोचलेली नाही. जगात बहुतेक ठिकाणी कापसाची सरळ वाणं लावतात, आपण दोन वेगळ्या पालकांपासून केलेली संकरित लावतो. १९७० साली सुरतच्या संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी एच-४ हा जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस दिला आणि तेव्हापासून आपली वाट ती झाली. संकरित बीटी झाडाला बीटीची जनुकं एकाच पालकाकडून येतात. त्या झाडाच्या पानात, सालीत विष असतं. पण त्याच्या बोंडात तयार होणारी सरकी ही पुढची पिढी. तिथे मेंडेलची वाटणी, म्हणजे आई-बापाचे गुण पिल्लांत वाटले जाण्याचा नियम, लागू होते. बीजी-दोन या दुसऱ्या पिढीच्या बीटीमध्ये दोन विषं आहेत. बोंडात तीस सरक्या धरल्या तर सतरा-अठरांमध्ये दोन्ही विषं, अकरा-बारांमध्ये एकच आणि एक-दोन सरक्यांमध्ये एकही नाही. आता आठवा, गुलाबी काय खाते? सरकी. म्हणजे एकाच बोंडात तिच्या ताटात पूर्ण डोस, अर्धा डोस आणि निर्विष घास असं सगळं शेजारी शेजारी वाढलेलं आहे. प्रतिकाराचा गुण आई-बाप दोघांकडून आला तर अळी पूर्ण विषावरही तगते. एकाकडूनच आला तर पूर्ण विषावर ती मरायला हवी. अशा अर्ध्या कच्च्या अळ्यांनाही या मिश्र ताटानं जगण्याची संधी मिळते. प्रतिकार वेगानं वाढायला याहून सोयीची जागा कोणती?

पाकिटासोबत मिळणाऱ्या बिगर-बीटी बियाण्याचा उद्देश हाच धोका टाळण्याचा होता. ४५० ग्रॅमच्या बीटी पाकिटासोबत १२० ग्रॅमचं साधं बी यायचं. ते कडेनं पाच ओळी किंवा एकूण क्षेत्राच्या २० टक्के लावायचं होतं. त्या ओळींवर विष न चाखलेले पतंग तयार व्हावेत, त्यांनी विष सोसणाऱ्यांशी जोडी करावी, पिल्लं पुन्हा बीटीवर मरावीत, असा तो हिशेब. जे काम हिरवीच्या बाबतीत तूर आणि हरभरा फुकट करत होते, ते गुलाबीसाठी आपल्याला मुद्दाम करावं लागणार होतं. ती पाकिटं धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, फेकलेली मी पाहिली आहेत, जळणात गेलेली पाहिली आहेत. शेतकऱ्याला दोष देणं सोपं आहे. पण अळीला खायला द्यायला स्वतःच्या जमिनीचा पाचवा हिस्सा का ठेवायचा, हे त्याला त्याच्या भाषेत कोणी समजावून सांगितलं होतं? मीही पुरेसं सांगितलं नाही. सभेत एक ओळ बोलून पुढे जायचो. त्याची खंत मला आजही आहे.

पुढचं सगळं क्रमानं घडलं. २०१० पर्यंत गुजरातेत अमरेली, भावनगर, जुनागड, राजकोट भागांत पहिल्या पिढीच्या बीटीवर गुलाबी जगते हे सिद्ध झालं. दोन विषांचं बीजी-दोन २००६ लाच आलं होतं. त्यावरही काही वर्षांत गुजरातेत ती सापडू लागली. आणि २०१७ च्या हंगामात विदर्भात गुलाबीनं कापसाचं जे नुकसान केलं ते तुम्ही पाहिलंय. त्याच काळात अमेरिकेतल्या ॲरिझोनात उलट घडलं. तिथे शेतकऱ्यांनी बिगर-बीटीच्या ओळी खरोखर लावल्या, पुढे प्रयोगशाळेत वांझ केलेले पतंग विमानातून सोडले आणि २०१८ मध्ये त्या देशाच्या कापूसपट्ट्यातून गुलाबी बोंडअळी संपल्याचं जाहीर झालं. तीच जात, तेच विष. फरक तिच्याभोवतीच्या परिस्थितीत होता.

आता फरदडीकडे येतो, म्हणजे या किडीच्या झोपेकडे. माझ्या मते तिच्या आयुष्यातली ही सगळ्यात नवलाची गोष्ट आहे आणि आपल्या हातात असलेली एकमेव चावीही.

कापूसच नसेल तेव्हा, म्हणजे फेब्रुवारी ते जून, ही एकाच झाडावर जगणारी कीड जाते कुठे? हिरवीसारखी दुसऱ्या पिकावर जाऊ शकत नाही. म्हणून ती काळ ओलांडते. दिवस लहान होऊ लागले, रात्री थंड झाल्या आणि खायला पिकत आलेली तेलकट सरकी मिळाली की हंगामाच्या शेवटच्या अळ्या कोषात जातच नाहीत. पोटभर खाऊन चरबी साठवतात, दोन सरक्या रेशमाच्या धाग्यानं एकमेकींना जोडतात आणि त्या पोकळीत गोल होऊन पडून राहतात. या जोड सरक्या तुम्ही वेचणीत शंभरदा हातात धरल्या असतील. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या जिनिंगमध्ये रेच्यावरून सरकी सुटी होऊन पडते, तरी या जोड्या बहुधा तशाच राहतात.

एका वर्षी जानेवारीत मी अशा पन्नास-साठ जोड सरक्या काचेच्या बरणीत घातल्या, तोंडाला मलमलचं फडकं बांधलं आणि घराच्या पडवीत ठेवून दिल्या. फेब्रुवारी गेला, मार्च गेला, बरणीत काही हालचाल नाही. एप्रिलच्या शेवटी एक फोडून पाहिली तर अळी जिवंत, बोट लावलं की वळवळली. मे महिन्यात पडवीतला पारा ४४ वर. तरी जिवंत. जूनमध्ये पहिला वळीव पडला, हवेत दमटपणा आला आणि चार-पाच दिवसांनी सकाळी बरणीच्या फडक्याला आतून दोन राखाडी पतंग चिकटलेले. त्यानंतर जुलै अर्धा होईपर्यंत अधूनमधून निघत राहिले. सगळे एकदम नाही. काही लवकर, काही उशिरा. कोणता पाऊस खरा आणि कोणता फसवा हे किडीला कळत नाही, पण सगळ्या एकाच दिवशी उठत नाहीत म्हणून एखादा वळीव फसवा निघाला तरी जात संपत नाही. ती बरणी मी नंतर कित्येक गावांत दाखवली. भाषणानं जे होत नव्हतं ते बरणीनं झालं.

आता गणित बघा. जूनमध्ये जे पतंग उठले, त्यांचं आयुष्य आठवडा-दोन आठवड्यांचं. त्यांना अंडी घालायला पाती, फूल हवं. तुम्ही मृगाचा चांगला पाऊस होऊन जमीन ओली झाल्यावर, जूनच्या मध्यानंतर पेरलं, तर पाती लागायला जुलैचा शेवट उजाडतो. तोवर उठलेले बहुतेक पतंग उपाशी, निपुत्रिक मरतात. पण गावात चार जणांनी ओलीत आहे म्हणून मे महिन्यात लावण केली किंवा पावसाआधीच कोरड्यात धूळपेरणी केली, तर त्यांच्या वावरात जुलैच्या सुरुवातीलाच पाती तयार. पहिल्या पतंगांना तिथे घर मिळतं. पहिली पिढी त्या वावरात, दुसरी शेजारच्यात, ऑक्टोबर येईपर्यंत सगळ्या गावात. धुरा आपल्यासाठी असतो, पतंगासाठी नाही.

आणि दुसऱ्या टोकाला फरदड. डिसेंबरात पऱ्हाटी मोडली तर झोपी जाणाऱ्या अळ्यांची संख्या मर्यादित राहते. फेब्रुवारी-मार्चपर्यंत पाणी देऊन ठेवली तर तिच्यावर आणखी एक-दोन पिढ्या वाढतात, आणि शेवटी त्या सगळ्या पिकलेल्या सरकीत झोपायला जातात. फरदडीतून एकरी जो क्विंटल-दोन क्विंटल किडका, कवडी कापूस निघतो, त्याला भाव कमी. आणि त्याच्या बदल्यात तुम्ही पुढच्या हंगामाचं बियाणं पेरत असता, फक्त कापसाचं नव्हे, अळीचं. म्हणून म्हटलं, मोडा. विहिरीला पाणी आहे तर उन्हाळी भुईमूग घ्या, तीळ घ्या, मूग घ्या, कापूस सोडून काहीही. गुलाबीला यातलं काहीच चालत नाही.

मोडल्यावर पऱ्हाटीचं काय करता, तेही तितकंच महत्त्वाचं. आपल्याकडे ती उपटून, गोळा करून धुऱ्यावर किंवा घरामागे ढीग लावायची रीत आहे, चुलीसाठी. त्या ढिगातल्या सुकलेल्या, न उमललेल्या बोंडांत अळ्या सुखानं मे-जूनपर्यंत राहतात. सावली, कोरडी जागा, वर छत, आणखी काय हवं? जळणाची गरज मला ठाऊक आहे, गॅसची टाकी महाग आहे हेही कळतं. म्हणून इतकंच करा, ढीग लावायच्या आधी उरलेली बोंडं झोडून काढा आणि ती बोंडं जाळा किंवा खड्ड्यात पुरा. गावात श्रेडर भाड्यानं मिळत असेल तर पऱ्हाटीचा वावरातच भुगा करणं उत्तम. त्यानंतर नांगरट लवकर करा, मार्च-एप्रिलमध्येच. मातीतले कोष वर येतात, ऊन लागतं, आणि नांगरामागे बगळे, साळुंक्या, कावळे काय करतात ते तुम्ही पाहिलंच आहे.

भाव वाढेल म्हणून घरात साठवलेला कापूसही डोळ्याआड करू नका. त्या गंजीतल्या सरकीत अळ्या आहेत हे गृहीत धरा. मे महिन्याच्या आत विकता आला तर विका. नाही जमलं तर निदान खोलीच्या खिडकीला, दाराला बारीक जाळी लावा आणि आत एक कामगंध सापळा, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंगाला ओढणारा सापळा, टांगा. गावाजवळ जिनिंग असेल तर तिथल्या आवारात सापळे लागले आहेत का, हे ग्रामपंचायतीनं विचारायला हवं. जिनिंगच्या अर्धा-एक किलोमीटरच्या आतल्या वावरांत गुलाबी लवकर येते, हे मी दरवर्षी पाहतो.

पुढच्या हंगामाबद्दल थोडक्यात. कमी दिवसांचं वाण निवडा, दीडशे दिवसांच्या आसपास संपणारं. लांब हंगामाच्या वाणाचं शेवटचं पीक तसंही गुलाबीच खाते. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेनं कमी कालावधीची वाणं दाट लावण्याची जी पद्धत सांगितली आहे, तिच्यामागे हाच विचार आहे, बोंडं लवकर आणि एकदम लागावीत, अळीला लांबलचक जेवणावळ मिळू नये. पेरणीनंतर पंचेचाळीस-पन्नास दिवसांनी एकरी दोन कामगंध सापळे लावा आणि रोज सकाळी पतंग मोजा. सापळ्यात सलग तीन रात्री आठ किंवा जास्त पतंग आले तर फवारणीची वेळ झाली. त्याच सुमारास फुलं पाहत चला. ज्या फुलाच्या पाकळ्या उमलायच्याऐवजी गुलाबाच्या कळीसारख्या मिटून राहिल्या आहेत, आतून जाळ्यानं शिवल्यासारख्या, ती डोमकळी. आत अळी आहे. ऑगस्टमध्ये सकाळी एक फेरी मारून डोमकळ्या तोडून नष्ट केल्या तर पहिलीच पिढी तुटते. ऑगस्टमधल्या त्या अर्ध्या तासाचं मोल नोव्हेंबरच्या कुठल्याच फवारणीला नाही. सप्टेंबरपासून आठवड्यातून एकदा वीस हिरवी बोंडं वेगवेगळ्या झाडांवरून तोडून फोडा. दोनात अळी सापडली तर ती दहा टक्क्यांची मर्यादा झाली.

फवारणीचा निर्णय आकड्यावर घ्या, शेजाऱ्याचा पंप वाजतो म्हणून नको. अळी बोंडात गेली की औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. पोहोचतं ते अंड्यातून नुकत्याच निघालेल्या अळीपर्यंत आणि पतंगापर्यंत, म्हणून वेळ साधली पाहिजे. ट्रायकोग्रामा ही गांधीलमाशीची चिमुकली चुलत बहीण बोंडअळीच्या अंड्यातच आपलं अंडं घालते. तिची कार्डं पात्या-फुलांच्या काळात लावायची असतील तर त्या आठवड्यात रासायनिक फवारणी टाळा, नाहीतर आधी तीच मरते. आणि दोन-तीन औषधं एका पंपात मिसळून मारू नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. पऱ्हाटी तेव्हा डोक्याएवढी वाढलेली होती, फवारणी अंगावर येत होती, आणि अंगात सदऱ्याशिवाय काही नव्हतं. गुलाबीच्या धास्तीनं मिसळून मारलेली औषधं मी स्वतः वावरात पाहिली आहेत. ती आत बसलेल्या अळीला लागली नाहीत. पंप पाठीवर घेतलेल्या माणसाला लागली.

हे एकट्या तुमच्या पाच एकरात पुरं होणार नाही, हेही सांगून ठेवतो. तुम्ही फरदड मोडली आणि शेजाऱ्यानं ठेवली तर अळी त्याच्याकडून येईल. म्हणून गावातल्या पाच-सहा जणांना सोबत घ्या, निदान तुमच्या वावराला लागून असलेल्यांना. त्यांना पटवायला माझं हे लांबलचक उत्तर वाचून दाखवू नका. एक काचेची बरणी घ्या. उद्याच घरातल्या गंजीतून पन्नास जोड सरक्या निवडून तिच्यात घाला, फडकं बांधा आणि पारावर किंवा किराणा दुकानाच्या फळीवर, जिथे सगळ्यांची नजर जाईल तिथे ठेवा. जूनमध्ये पहिला पतंग कोणत्या तारखेला निघाला ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. त्याच कॅलेंडरवर तुमच्या वावरात पहिली पाती दिसली ती तारीखही लिहा. दोन तारखांमध्ये किती दिवसांचं अंतर पडलं, ते मला कळवा.